निर्णय मनाविरुद्ध गेला तरी माणूस मन लावून काम करेल का? न्याय्य निर्णय घेण्याच्या पायऱ्या

दिवाळीआधी बोनसची पाकिटं वाटली की प्रत्येक जण आधी आपला आकडा बघतो आणि लगेच शेजारच्याला विचारतो, "तुला किती?" खरी गडबड या प्रश्नापासून सुरू होते. पाच मिनिटांपूर्वी बरा वाटलेला आकडा शेजारच्याचा ऐकल्यावर झोंबायला लागतो.

जे. स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हे सूत्रात मांडलं. आपण कामात काय घालतो आणि आपल्या पदरात काय पडतं, याचं प्रमाण माणूस दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो. तिथे तफावत दिसली की हिशेब आपल्या परीने बरोबर करून घेतो. कोणी जास्त मागतो, कोणी हात आखडता घेतो, कोणी सोडून जातो. हात आखडता घेणारे सर्वांत जास्त, आणि ते कधी तक्रार करत नाहीत, म्हणून मालकाला वाटतं सगळं आलबेल आहे.

हा लेख दहा ते शंभर माणसांवर निर्णय घेणाऱ्यांसाठी आहे: सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं युनिट चालवणारे, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातले सुपरवायझर, पतसंस्थेचे व्यवस्थापक, हॉस्पिटलच्या प्रशासनात बसणारे. माझं ठाम मत असं आहे की माणसं मनाविरुद्ध गेलेला निर्णय पचवतात, पण तोंड बघून घेतलेला आणि कारण न सांगता लादलेला निर्णय पचवत नाहीत. पगार वाढवायला पैसा लागतो. निर्णयाची पद्धत सुधारायला मालकाचा वेळ आणि थोडा कमीपणा घ्यायची तयारी लागते.

आधी हे बघा: अन्याय वाटला की माणूस काय करतो

टॉवेलच्या मागावर ताण्याचा धागा तुटला आणि माग थांबला नाही, तर कापडावर उभी रेघ पडत जाते. कोणी तो धागा जोडेपर्यंत ती लांबतच राहते. शेजारच्या मागावरचा कामगार जाता जाता बघतो, हात घालून माग थांबवतो, ओरडून सांगतो. हे काम त्याच्या पगारात धरलेलं नसतं. ते न केल्याबद्दल त्याला कोणी विचारूही शकत नाही. पण गेल्या महिन्यात त्याची रजा कारण न देता नाकारली असेल आणि मर्जीतल्याला दिली असेल, तर तो रेघ बघतो आणि पुढे जातो. "माझा माग नाही." संध्याकाळी चेकिंगला तो माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात, जातो आणि दोष सुताला दिला जातो.

अंग राखून काम करणं ते हेच. संपासारखं ते दिसत नाही आणि हजेरीपटावर त्याची नोंद होत नाही. नव्या पोराला शिकवायचं बंद होतं. मशीनचा आवाज बदललेला कानावर येऊनही मेकॅनिकला कोणी सांगत नाही. सांगितलं तेवढंच करायचं, असा अलिखित ठराव होतो.

कधी गोष्ट याच्याही पुढे जाते. संशोधक जेरल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली अमेरिकेतल्या एकाच कंपनीच्या तीन कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठी कामं हातची गेल्यामुळे दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. तिसऱ्यात काहीच कापलं नाही. कपात झालेल्या एका कारखान्यात कंपनीच्या प्रमुखाने जवळपास दीड तास बैठक घेतली. त्याने आकडे दाखवले, मनापासून दिलगिरी व्यक्त केली, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत कपात जाहीर करून विषय संपवला. चोरीचं प्रमाण दोन्हीकडे वाढलं, पण धड कारण न सांगितलेल्या कारखान्यात ते कितीतरी जास्त वाढलं. पूर्ण पगार सुरू झाल्यावर ते पुन्हा खाली आलं. दोन्ही ठिकाणी कपात तेवढीच होती. फरक होता तो माणसांना ती कशी सांगितली याचा.

याचा उलटा अर्थ काढणारे भेटतात, म्हणून इथेच स्पष्ट सांगतो. गोड बोलून कमी पगार गळी उतरवायची ही युक्ती नाही. कारण खोटं असेल तर ते चार दिवसांत चहाच्या गाड्यावर उघडं पडतं, आणि मग पुढचं खरं कारणही कोणी मानत नाही.

पहिली पायरी: कोणते निर्णय दुखतात ते लिहून काढा

एक वही घ्या आणि गेल्या सहा महिन्यांत माणसांबाबत घेतलेले निर्णय आठवून लिहा. रजा, ओव्हरटाईम, पाळी, माग किंवा मशीन कोणाला, उचल कोणाला, नुकसानीची कपात, पगारवाढ, बढती, मेमो. प्रत्येकापुढे लिहा: कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, कोणाला सांगितलं. "कशावरून" हा रकाना भरताना पेन अडेल. जिथे अडेल तिथून सुरुवात करा.

मोठे निर्णय वर्षातून एकदाच येतात. रोजचं मन कलुषित होतं ते छोट्या निर्णयांनी, विशेषतः ओव्हरटाईम आणि उचल यांनी. घरात लग्न किंवा दवाखाना निघाला की उचल मागितली जाते. एकाला उभ्या उभ्या मिळते आणि दुसऱ्याला "दिवाणजींना भेट" म्हणून तीन खेटे घालावे लागतात. त्या तीन खेट्यांचा हिशेब माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

दुसरी पायरी: निकष आधी, नावं नंतर

या पायरीवर जास्त वेळ द्या, कारण निम्मी भांडणं इथेच मिटतात.

जानेवारीचं उदाहरण घेऊ. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की सोलापुरात कोणाला रजा नको असते? साधारण १३ तारखेला अक्षता सोहळा, १४ ला होमविधी, त्यानंतर शोभेचं दारूकाम, आणि घरी पाहुण्यांची रीघ. समजा तुमच्याकडे चाळीस माणसं आहेत, निर्यातीचा माल त्याच आठवड्यात जायचा आहे आणि एका दिवशी आठांपेक्षा जास्त जणांना सोडता येत नाही. अर्ज आले पंचवीस. अर्ज हातात घेऊन नावं बघत ठरवायला बसलात की तुम्ही फसलात. समोर नाव आलं की चेहरा येतो, चेहऱ्यामागे त्याने परवा दिलेलं उलट उत्तर येतं, आणि मग मनाला हवा तो निकष शोधून काढला जातो.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एकही अर्ज येण्याआधी, निकष फळ्यावर लावून टाका. उदाहरणार्थ: नंदीध्वजाचा (यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठीचा) मान किंवा विधीतलं ठरलेलं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना आधी. मग गेल्या वर्षी ज्यांना मिळाली नाही त्यांना. उरलेल्या जागांसाठी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. ज्यांना मिळणार नाही त्यांना त्या दिवशी दोन तास आधी सुट्टी, आणि पुढच्या सणाला पहिला हक्क.

नंदीध्वजाच्या मानकऱ्याला आधी रजा देणं हा पक्षपात आहे का? मला तसं वाटत नाही, कारण त्याची गरज वेगळी आहे आणि ती सगळ्यांना दिसते. न्याय म्हणजे सगळ्यांना सारखंच माप, असं नाही. पण मग हाच नियम श्रावणात नारळी पौर्णिमेला, मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवालाही लावला पाहिजे, आणि ईदलाही. त्याच पौर्णिमेला राखी असते आणि शिलाईच्या लाईनवरच्या अर्ध्या बायकांना भावाकडे जायचं असतं, तेही धरलं पाहिजे. एका समाजाच्या सणाला नियम आणि दुसऱ्याच्या सणाला "बघू", असं झालं की न्यायाच्या सगळ्या गप्पा फोल ठरतात.

मानसशास्त्रज्ञ जेराल्ड लेव्हेन्थल यांनी १९८० साली न्याय्य पद्धतीच्या सहा कसोट्या मांडल्या. पद्धत सगळ्यांना आणि सगळ्या वेळी सारखी हवी. ठरवणाऱ्याचा स्वार्थ मध्ये नको. माहिती खरी हवी. चूक दुरुस्त करायची सोय हवी. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचं म्हणणं त्यात हवं. आणि रीत नीतीला धरून हवी. निकष लिहून झाला की या सहा प्रश्नांवर घासून बघा. आपल्याकडे बहुतेक वेळा तो दुसऱ्या आणि चौथ्या कसोटीवर नापास होतो: ठरवणारा मुकादम मेहुण्याला सांभाळतो, आणि चूक झाली तर दाद मागायची कुठे हे कोणालाच माहीत नसतं.

बोनसबाबत एक भान ठेवा. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने त्याचा हक्क आहे आणि कमाल मर्यादा २० टक्के आहे. किमान रक्कम देताना उपकाराची भाषा वापरू नका. त्याहून जास्त देणार असाल आणि माणसागणिक फरक करणार असाल, तर त्या फरकाचा निकष वर्षाच्या सुरुवातीला लावा. दिवाळीच्या आठवड्यात लावलेला निकष कोणालाच खरा वाटत नाही.

तिसरी पायरी: निर्णयाआधी माहिती तपासा

डॅमेज निघाला की समोरच्या कामगाराच्या नावावर कपात, ही सोपी वाट. पण रेघ पडलेला तुकडा कोणत्या पाळीत निघाला? बीम (ताण्याचा रूळ) बदलताना गाठ सुटली होती का? सूत कोणत्या लॉटचं होतं? लाईट किती वेळा गेली? दोन पाळ्यांत एकच माग असेल आणि तुकड्यावर पाळीची खूण नसेल, तर दोष कोणाचा हे ठरवण्याचा अधिकारच तुमच्याकडे उरत नाही. आधी तुकड्यावर खडूने पाळी आणि मागाचा नंबर लिहायची शिस्त लावा, कपातीचं नंतर बघा.

कायदाही हेच सांगतो. मालाच्या नुकसानीबद्दल वेतनातून कापण्याआधी कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही.

हजेरीचंही तसंच. शहरात काही दिवसांआड पाणी येतं, आणि नळाची वेळ कामाच्या वेळेवर आली की घरातली बाई वीस मिनिटं उशिरा पोचते. तिच्या नावापुढे "वारंवार उशीर" असा शेरा पडतो आणि वाढीच्या वेळी तोच शेरा वर येतो. तारखा काढून त्या भागातल्या पाण्याच्या दिवसांशी जुळवून बघा. जुळल्या तर त्या दिवशी अर्धा तास उशिरा येऊन अर्धा तास उशिरा जायची मुभा द्या. तिला कामचुकार ठरवून हातची कारागीर का घालवायची?

चौथी पायरी: ठरवण्याआधी ऐका

संशोधक जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ साली न्यायदानाच्या पद्धतींवर केलेलं काम इथे उपयोगी पडतं. आपली बाजू मांडायला मिळाली तर माणसाला पद्धत न्याय्य वाटते, निकाल विरुद्ध गेला तरीही. आपल्या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वात हे आहेच: दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, आणि स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतः न्यायाधीश नाही.

यासाठी मोठी बैठक लागत नाही. पाळीचं वेळापत्रक बदलायचं असेल तर आठवडाभर आधी कच्चा कागद लावा, दोन्ही पाळ्यांतून दोन-दोन माणसं बोलवा आणि विचारा, "यात काय अडचण येईल?" उत्तरं समोर लिहून घ्या. लिहून घेतलेलं दिसणं महत्त्वाचं आहे.

मात्र निर्णय झालाच असेल तर ऐकण्याचं नाटक करू नका. ठरवून मग "तुमचं मत सांगा" म्हणणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. तारीख गिऱ्हाइकाने ठरवली असेल आणि बदलता येत नसेल, तर तसं सांगा: "तारीख बदलणार नाही, पण कोणती पाळी कधी लावायची ते तुम्ही ठरवा." जेवढी मोकळीक खरी आहे तेवढीच द्या.

पाचवी पायरी: नकार तोंडावर आणि कारणासकट सांगा

"वरून ठरलं." "बघू पुढच्या वेळी." "असं असतंय." या तीन वाक्यांनी जेवढी चांगली माणसं घालवली आहेत, तेवढी कमी पगाराने घालवली नसतील असं मला अनेकदा वाटतं.

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. चेकिंगला दहा वर्षं असलेल्या बाईंना लाईन सुपरवायझर व्हायचं होतं, जागा दुसरीला गेली. मालक त्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची देतो.

"अक्का, बसा. लाईन यावेळी मी दुसऱ्या बाईंना दिली. यादीत तुम्ही दोघीच होता. कापडाची पारख तुमची जास्त आहे, ते मी लिहूनही ठेवलंय. पण या लाईनचा रोजचा रिपोर्ट मोबाईलवर भरायचाय आणि ते त्यांना आत्ता येतं. तुम्हाला शिकायचं असेल तर सोमवारपासून रोज अर्धा तास शिकवायला माणूस देतो, कामाच्या वेळेतच. जूनमध्ये दुसरी लाईन निघेल. तिथे तुमचं नाव धरणार, पण ती तुम्हालाच देईन असा शब्द आज देत नाही."

"मग हे आधी सांगायचं की ओ. मोबाईलचं शिकले नसते का मी?"

या उत्तरावर मालकाला राग यायचं कारण नाही. त्या बरोबर बोलतायत. जागा निघाली त्याच दिवशी मोबाईलचा निकष फळ्यावर लागला असता, तर त्यांना दोन महिने मिळाले असते. मालकाने तिथेच "हो, ते आधी लावायला हवं होतं" असं म्हणावं आणि जूनच्या लाईनचे निकष त्याच आठवड्यात लावावेत. नकार सांगताना असं काहीतरी हाती लागतं, आणि म्हणून तो मुकादमाकरवी नाही, तर ज्याने ठरवलं त्याने स्वतः सांगायचा.

आता भाषेचं. आपल्याकडे मागावर तेलुगू, शेजारी कन्नड, शिलाईला उर्दू-हिंदी आणि ऑफिसात मराठी. नोटीस फक्त मराठीत आणि तीही सरकारी वळणाची असेल, तर ती अनेकांपर्यंत पोचतच नाही. ज्याला वाचता येतं तो आपल्या सोयीचा अर्थ बाकीच्यांना सांगतो. नोटीस लावली त्या दिवशी पाळी बदलताना दहा मिनिटं सगळ्यांना उभं करा आणि ती मराठीत, तेलुगूत, हिंदीत तोंडी सांगा. सांगणारा माणूस कामगारांचा विश्वास असलेला हवा. शेवटी एकाला विचारा, "काय समजलं ते तुम्ही सांगा बरं." चूक लगेच कळेल.

कारण खासगी असेल, म्हणजे एखाद्याच्या आजारपणामुळे त्याला हलकं काम दिलं असेल, तर ते चारचौघांत फोडू नका. "कारण आहे, मी तपासलंय, आणि त्याची परवानगी असल्याशिवाय सांगणार नाही" एवढं पुरतं. बाकीच्या निर्णयांत तुम्ही कारण देत आला असाल तरच लोक हे मानतात.

सहावी पायरी: दाद मागायची जागा

घरच्या धंद्यात ही सर्वांत अवघड पायरी. सुपरवायझर चुलत भाऊ, हिशेब काकांकडे, आणि तक्रार करायची मालकाकडे. कामगाराला वाटतं, सगळे एकाच ताटात जेवणारे. यावर एकच उपाय मला टिकाऊ वाटतो: निर्णय घेणाऱ्याकडे त्याच निर्णयाची दाद नाही. ऐकायला तिघे बसवा, ज्यात एक माणूस कामगारांनी निवडलेला आणि एक बाहेरचा असेल. बाहेरचा म्हणजे तुमचे कर सल्लागार, निवृत्त मुख्याध्यापक, कोणीही ज्याचं पोट तुमच्यावर नाही. सात दिवसांत उत्तर, लेखी, कारणासह. दाद मागितली म्हणून कोणाचा ओव्हरटाईम बंद झालेला दिसला, तर ती समिती त्याच दिवशी मेली असं समजा.

लैंगिक छळाची तक्रार मात्र या वाटेने न्यायची नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार तिच्याकडे जाते (खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे), आणि "आपसात मिटवा" म्हणायचा अधिकार मालकाला नाही.

सातवी पायरी: बोलण्याची रीत

थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक एकट्याला बोलावून सांगा. वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करू नका. मेमो हातात देताना जात, गाव, घर काढू नका. निर्णय योग्य असूनही तो देताना केलेला एक अपमान पुरतो. माणूस कपात विसरतो, शब्द विसरत नाही.

आठवी पायरी: फरक पडतोय का ते बघा

छापील प्रश्नावली वाटून खरं कळत नाही, सगळे "चांगलं" यावर खूण करतात. त्यापेक्षा दर महिन्याला चार गोष्टी बघा: आपणहून कळवलेल्या बिघाडांची संख्या, नव्या माणसाला स्वयंस्फूर्तीने शिकवणारे, न सांगता पडणारे खाडे, आणि सोडून गेलेल्यांपैकी जुने किती. सुरुवातीला तक्रारी वाढतील. घाबरू नका. आजवर त्या चहाच्या गाड्यावर होत होत्या, आता तुमच्यापर्यंत येतायत.

रजा आणि ओव्हरटाईमची वही तीन महिन्यांनी नावानिशी मांडून बघा. ठरावीक पाच-सहा नावंच वारंवार दिसत असतील तर मुकादमाला कारण विचारा. कधी कारण रास्त असतं, त्या मशीनला तेवढेच हात जाणते असतात. मग उपाय वेगळा: आणखी दोघांना त्या मशीनवर तयार करा.

आणि जुन्या अन्यायाचं काय?

नवी पद्धत लावताना पहिला प्रश्न हाच येतो: "आमचं मागचं?" तो टाळून पुढे जाता येत नाही. ज्या कपातीला पुरावा नव्हता ती रक्कम पुढच्या पगारात परत करा आणि पगारपत्रकावर ती वेगळ्या ओळीत दाखवा, इतर रकमांत मिसळू नका. मेमो चुकीचा होता तर फाइलमधून नुसता काढू नका, मागे घेतल्याचं पत्र त्या माणसाच्या हातात द्या. ज्याला सगळ्यांसमोर बोललात, त्याच्याबद्दलचा निर्णय मागे घेतल्याचंही पाळी बदलताना सगळ्यांसमोरच सांगा. जे परत करता येत नाही, म्हणजे हुकलेली बढती किंवा बुडालेली रजा, त्याबद्दल पुढच्या वेळी पहिला हक्क कोणाचा ते नावासकट आत्ताच लिहून फळ्यावर लावा, आणि त्या यादीखाली मालकाने स्वतः सही करावी.